घरी येतं, पेपरात का येत नाही? दहावीच्या गणिताबद्दल एका वडिलांना उत्तर

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी दहावीला, स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. रोज दोन तास गणित करते. सगळे सरावसंच दोनदा झालेत, गाईडही संपवलंय. घरी विचारलं तर येतं. सहामाहीत मात्र बीजगणितात ४० पैकी १९ आणि भूमितीत १६. तिला पुढे सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जायचंय आणि तिथला प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. तेव्हा जवळची शिकवणी सोडून सीताबर्डीच्या मोठ्या क्लासला घालावं का?

भाऊ, मी नागपुरातल्या एका शाळेत बरीच वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं, बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि आता घरी थोड्या मुलांना शिकवते. क्लासबद्दल शेवटी सांगते. त्याआधी मुलीचे गुण नेमके कुठे जातात ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय क्लास बदलून उपयोग नाही.

"घरी विचारलं तर येतं" हे तुमचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर हातात पडले की हेच ऐकू येतं, पालकांकडून आणि मुलांकडूनही. "मॅडम, घरी तर येत होतं जी, पेपरात काहून नाही आलं?" मूल खोटं बोलत नसतं. त्याला घरी खरंच येत असतं. पण घरी काय होतं ते बारकाईने पाहा. वही उघडी, शेजारी पुस्तक उघडं, वर प्रकरणाचं नाव ठळक छापलेलं. आधी एक सोडवून दाखवलेलं उदाहरण आणि मग त्याच्यासारखीच सहा-आठ गणितं. पहिलं जरा अडतं, दुसऱ्यापासून हात चालू लागतो, पाचव्याला तर मुलगी फक्त आकडे बदलते. कोणती रीत वापरायची हे तिने ठरवलेलंच नसतं, ते प्रकरणाच्या नावाने ठरवून दिलेलं असतं. पेपरात हे ठरवण्याचं काम पहिल्यांदाच तिच्यावर येतं, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो.

एक उदाहरण देते. एका आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ सेंमीने जास्त आहे आणि परिमिती ३८ सेंमी आहे, तर बाजू काढा. आता दुसरं: लांबी रुंदीपेक्षा ५ सेंमीने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ८४ चौसेंमी आहे, तर बाजू काढा. दोन्हींचं उत्तर एकच, ७ आणि १२. पण पहिलं रेषीय समीकरणाने सुटतं आणि दुसऱ्यात वर्गसमीकरण तयार होतं. एक शब्द बदलला आणि प्रकरण बदललं. सरावसंचात ही दोन गणितं एकमेकांपासून कितीतरी पानं दूर असतात, त्यामुळे मुलांना हा फरक शेजारी ठेवून कधी दिसतच नाही. अंकगणिती श्रेढीतही तेच. पहिल्या महिन्यात २०० रुपये शिल्लक टाकले आणि पुढे दर महिन्याला ५० रुपये वाढवत नेले. बाराव्या महिन्यात किती टाकले असं विचारलं तर ते पद आहे, उत्तर ७५०. वर्षभरात एकूण किती जमले असं विचारलं तर ती बेरीज आहे, उत्तर ५७००. दोन्ही सूत्रं पाठ असलेली मुलंसुद्धा इथे चुकतात, कारण कोणतं सूत्र कधी हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेलाच नसतो.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं सलग केली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून केली. सराव चालू असताना सलग करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळणारे ६३ वर राहिले. सरावात जास्त चुकणारा गट परीक्षेत पुढे गेला. मी हा प्रयोग पालकांना मुद्दाम सांगते, कारण घरी मिश्र सराव सुरू केला की पहिले काही दिवस मूल जास्त चुकतं. आई-वडील घाबरतात, मूल रडकुंडीला येतं आणि सगळे पुन्हा सरावसंच ओळीने करायला लागतात. कृपा करून तसं करू नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. तिचा पाया कच्चा असेल तर वरचं सगळं नंतर. उणे संख्यांचा गुणाकार, अपूर्णांकांची बेरीज, कंस सोडवणं, साधं एकचल समीकरण, शेकडेवारी: आठवीच्या पुस्तकातून अशी पंधरा-वीस गणितं तिला द्या. त्यात चार-पाच चुकली तर पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास फक्त त्यावरच जाऊ द्या. दहावीतली कितीतरी गणितं इथेच मरतात. वर्गसमीकरणात मधल्या पदाचा सहगुणक उणे ७ असतो, त्याचा वर्ग मुलं उणे ४९ लिहितात, विवेचक (b² − 4ac) ऋण येतो आणि "वास्तव मुळे नाहीत" असं लिहून मोकळी होतात. वर्गसमीकरण त्यांना येत असतं, सातवी-आठवीतलं चिन्ह येत नसतं. दुसरं, तिला फळ्यावरचं नीट दिसतं का आणि ती रात्री किती झोपते हेही एकदा पाहा. तिसरं, तिला पेपरची भीती बसली आहे का. भीतीने हातपाय गार पडत असतील तर तिच्याशी बोलण्याची पद्धत बदलावी लागेल, नुसता सराव वाढवून भागणार नाही.

पाया बरा आहे असं धरून पुढे जाते. या शनिवारी एक गोष्ट करा. त्यासाठी तुम्हाला गणित येण्याची गरज नाही. तिने आधी सोडवलेली आणि बरोबर आलेली पाच गणितं पाच वेगवेगळ्या प्रकरणांतून निवडा. कोऱ्या कागदावर उतरवा, प्रकरणाचं नाव लिहू नका. वही-पुस्तक दुसऱ्या खोलीत, मोबाईल तुमच्या खिशात, वेळ चाळीस मिनिटं. मग तिच्या वहीशी उत्तरं ताडून पाहा. पाचपैकी चार-पाच आली तर तिला गणित येतं आणि गुण परीक्षागृहात जातात: वेळ, घाई, मांडणी. दोन-तीनच आली तर "घरी येतं" याचा अर्थ "पाहिलं की समजतं" एवढाच आहे. सहामाहीचे गुण पाहता मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

सहामाहीच्या उत्तरपत्रिकाही समोर घ्या. जिथे जिथे गुण गेले तिथे तिलाच पेन्सिलने खूण करायला सांगा: गणित सुचलंच नाही, सुरुवात बरोबर झाली पण आकडेमोडीत चुकलं, की वेळेअभावी हातच लावला नाही. या तिन्ही चुका गुणांत सारख्याच दिसतात, पण तिन्हींचा उपाय वेगळा असतो. "अजून सराव कर" हा एकच सल्ला तिन्हींवर देऊन चालत नाही.

सुचत नाही त्याला मिश्र सराव. मी मुलांना बीजगणिताची सहाही प्रकरणं चिठ्ठ्यांवर लिहायला लावते: दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. डब्यातून चिठ्ठी काढायची आणि त्या प्रकरणाच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातलं एक गणित दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवायचं, प्रकरणाचं नाव न घेता. सोडवायच्या आधी मुलीने दोन वाक्यं बोलायची: काय दिलंय, काय काढायचंय. आणि मग तिसरं: कशाने काढणार. पुष्कळदा मी एवढ्यावरच थांबवते आणि पुढचं गणित घेते. अर्ध्या तासात अशी दहा-बारा गणितं ओळखून होतात, पूर्ण सोडवायला गेलं तर तीनच झाली असती. हा ओळखण्याचा सराव कोणत्याच गाईडमध्ये नसतो आणि माझ्या मते डिसेंबर महिन्यात यापेक्षा मोलाचं काही नाही.

सेमी इंग्रजीची एक वेगळी अडचण असते, तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. घरी मराठी, इतिहास-भूगोल मराठीत, आणि गणिताचा पेपर इंग्रजीत. साधी आकडेमोड भाषेविना जमते, शाब्दिक उदाहरण मात्र अडतं. चार ओळींचं गणित दिसलं की मुली ते सोडूनच देतात. तुमची मुलगी शाब्दिक गणितं टाळते का, हे पेपर पाहून लगेच कळेल. टाळत असेल तर मराठी माध्यमाचं बालभारतीचं पुस्तकही आणा. गणितं तीच असतात, बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट उतरवूनही घेता येतं. रोज एक शाब्दिक उदाहरण तिने इंग्रजीत वाचून तुम्हाला मराठीत सांगायचं, दुकानातला हिशोब सांगावा तसं. तुम्हाला समजलं तर तिला समजलं. इथे बाप म्हणून तुमचा उपयोग कोणत्याही क्लासपेक्षा जास्त होईल.

आकडेमोडीत चुकणाऱ्यांसाठी चुकांची एक वेगळी वही ठेवा. बरोबर गणित पुन्हा लिहून काढायचं नाही, फक्त चूक लिहायची, एका ओळीत. "संचित वारंवारता मध्यकीय वर्गाची घेतली, आधीच्या वर्गाची घ्यायची होती." "व्यास दिला होता, त्रिज्या समजून घातला." "वर्ग सलग करून घेतले नाहीत." पंधरा दिवसांत दिसतं की मूल शंभर प्रकारे चुकत नाही, पाच-सहा प्रकारेच पुन्हा पुन्हा चुकतं. पेपरच्या आदल्या रात्री वाचायला ही वही सगळ्यात चांगली. जीएसटीच्या गणितांबद्दल मुलं हल्ली विचारतात की सप्टेंबर २०२५ मध्ये १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढले, मग पुस्तकातलं काय करायचं? गणितात जो दर दिलाय तोच घ्यायचा, बाजारात काहीही असो. आणि राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा: ५०,००० च्या वस्तूवर १८ टक्क्यांनी ९,००० कर, म्हणजे ४,५०० आणि ४,५००. हे निम्मं करायला विसरूनच सगळ्यात जास्त गुण जातात.

आता पेपर. दोन्ही भाग प्रत्येकी ४० गुणांचे, प्रत्येकी दोन तास, वेगवेगळ्या दिवशी. उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. सध्याच्या रचनेत पहिल्या प्रश्नाला ८ गुण आणि त्यात पर्याय नसतो, म्हणजे काहीच सोडता येत नाही. दुसऱ्याला १२, तिसऱ्याला ९. हे २९ झाले. चौथ्यात तीनपैकी दोन गणितं, प्रत्येकी ४ गुणांची, आणि पाचव्यात दोनपैकी एक, ३ गुणांचं. चौथा-पाचवा प्रश्न विचार करायला लावणारा असतो. तुमच्या मुलीचे १९ आणि १६ वाढवायचे तर आधी त्या २९ मधलं काय सुटतंय ते पाहायला हवं. कितीतरी मुलं चौथ्या प्रश्नाला घाबरून रात्र-रात्र अवघड गणितं करतात आणि गुण मात्र पहिल्या-दुसऱ्या प्रश्नात घालवून येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातल्या कृती, म्हणजे चौकटी भरायच्या गणितांना मिळून ७ गुण असतात. त्यात रीत ठरवायची नसते, दिलेली रीत वाचून पुढे न्यायची असते. स्वतःच्या रीतीने गणित करायची सवय असलेली हुशार मुलं तिथे अडखळतात. पुस्तकातल्या कृती निदान एकदा तरी पेनाने भरून घ्या.

वेळेचा हिशोब सोपा आहे: १२० मिनिटं, ४० गुण, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या गणिताला बारा. बारा मिनिटांत वाट सापडली नाही तर जागा सोडून पुढे जायचं. हे घरी घड्याळ लावून केलं नाही तर तिथे जमत नाही. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेआधी दर रविवारी एक पूर्ण पेपर, शाळेतल्यासारखं टेबल-खुर्चीवर बसून, मधे पाणी द्यायलाही कोणी जायचं नाही. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच बाजारात कुठेही मिळतात.

उत्तरपत्रिका तपासताना मला सगळ्यात वाईट कशाचं वाटायचं सांगते. मुलाला गणित येत असायचं आणि गुण देता यायचे नाहीत, कारण कागदावर काहीच नसायचं. गुण पायऱ्यांना असतात. सूत्र लिहिलं, किमती घातल्या, इथवर बरोबर असेल तर शेवटी बेरीज चुकली तरी सगळे गुण जात नाहीत. पण मुलं तोंडी करून नुसतं उत्तर लिहितात, आणि ते चुकलं की हाती शून्य. संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यता, लिहा, त्यातील घटकांची संख्या लिहा, घटना लिहा, मग भागाकार. कच्चं काम त्याच पानावर उजव्या बाजूला करा. चुकलेलं एका रेषेने खोडा, वर पेन गिरवू नका, कारण पूर्ण सोडवता न आलेल्या गणितातल्या बरोबर ओळीही तपासणाऱ्याला वाचता आल्या पाहिजेत.

भूमितीबद्दल थोडं वेगळं सांगायचंय, कारण तिचे १६ गुण मला जास्त खटकतात. भूमितीत मुलं प्रमेयं पाठ करतात. पाठ केलेली सिद्धता पेपरात अक्षरं बदलून आली की कोसळते. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, कोनदुभाजकाचं, पायथागोरसचं, अंतर्लिखित कोनाचं, चक्रीय चौकोनाचं, स्पर्शिकाखंडाचं: ही प्रमेयं आकृतीवरून करायची, अक्षरांवरून नाही. आकृती कोऱ्या कागदावर काढायची, स्वतःच्या मनाची अक्षरं द्यायची, मग पक्ष (काय दिलंय), साध्य (काय सिद्ध करायचंय), रचना लिहायची. सिद्धता शेवटी. पक्षात जे लिहिलंय ते आकृतीवर खुणेने दाखवायचं: समान कोनांना चाप, समांतर रेषांना बाण, समान बाजूंना आडव्या रेघा. अर्ध्याअधिक वेळा खुणा केल्या की पुढची पायरी दिसते. त्रिकोणात आतून एक रेषा गेलेली दिसली की मुलं डोळे झाकून मूलभूत प्रमेय लावतात. ती रेषा पायाला समांतर आहे की शिरोबिंदूतला कोन दुभागते, हे दिलेल्या माहितीत पाहायचं असतं, चित्रात नाही. प्रत्येक विधानासमोर कंसात कारण लिहायची सवय आजपासून लावा, तिथे गुण असतात.

भौमितिक रचना मात्र हमखास गुणांची जागा आहे, तिच्यावर वेळ घालवा. आधी कच्ची आकृती, मग रचना. टोकदार पेन्सिल, आणि स्क्रू घट्ट बसलेला कंपास. ढिल्या कंपासने स्पर्शिका वर्तुळाला छेदून जाते आणि मुलगी पुन्हा सगळं काढत बसते. त्रिकोणमितीत उन्नत कोन आणि अवनत कोनाची गणितं आकृती बरोबर आली की जवळजवळ सुटलेलीच असतात. तिला एकदा गच्चीवर नेऊन समोरच्या पाण्याच्या टाकीकडे आणि मग खाली रस्त्यावरच्या गाडीकडे बोट दाखवायला लावा, आडवी रेषा कुठली आणि कोन कुठे ते हाताने दाखवू दे. वहीत अवनत कोन उभ्या भिंतीशी काढणारी मुलं मी खूप पाहिली आहेत.

म्हणजे सध्या एवढंच धरा: शनिवारची पाच गणितं, पेपरातल्या चुकांची वर्गवारी, आणि रोजच्या दोन तासांची फेरवाटणी. अर्धा तास ओळखण्याचा खेळ, एक तास मिश्र गणितं पुस्तक मिटून, उरलेल्यात भूमितीची एक सिद्धता किंवा रचना आणि चुकांची वही. दोनाचे तीन तास करू नका. पूर्वपरीक्षेपर्यंत ही पद्धत लागू पडते का ते दिसेल.

आता क्लासचं. या दिवसांत मानेवाड्याहून सीताबर्डीला जाऊन येण्यात तिचा रोज तासाभराच्या वर वेळ जाईल, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की मोर्चे, बंद रस्ते यांनी त्यात भरच पडते. मोठ्या वर्गात तिला पुन्हा तेच मिळेल: फळ्यावर सोडवलेलं गणित, ते समजल्याचं समाधान, आणि वहीत उतरवणं. समजण्याची तिला कमतरता नाही असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. म्हणून माझं मत, आहे ती शिकवणी राहू द्या, पण तिथल्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेटा आणि तीन गोष्टी विचारा. आठवड्यातून एकदा सगळ्या प्रकरणांचा मिश्र पेपर घ्याल का? तपासलेला पेपर पुढ्यात घेऊन तिच्याशी पाच मिनिटं बोलाल का? आणि तिने प्रश्न विचारल्यावर लगेच सोडवून न दाखवता आधी तिला काय सुचतं ते ऐकाल का? तिन्हींना हो म्हणाले तर कुठेही जाऊ नका. नाही म्हणाले तर क्लास बदला, पण घराजवळचा आणि कमी मुलांचा पाहा, आणि तिथेही पैसे भरायच्या आधी हेच तीन प्रश्न विचारा.